वाचक विचारतात : तालुक्याच्या कॉलेजला रिसर्चचे पैसे कोण देणार?

मागच्या अंकात ग्रँटविषयी जाता जाता दोन ओळी लिहिल्या तर एवढी पत्रं आली की यावेळी पूर्ण सदर त्यालाच देतेय. सगळे प्रश्न रायगड ते सिंधुदुर्ग या पट्ट्यातलेच घेतलेत, नावं अर्थातच काढली आहेत.

प्रश्न : नमस्कार ताई, मी सावंतवाडीजवळच्या एका सायन्स कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते, पीएचडी आहे. लॅबमध्ये इन्क्युबेटर, ऑटोक्लेव्ह आणि एक बऱ्यापैकी मायक्रोस्कोप, बस. माकडतापावर काम करायचं म्हणून प्रपोजल पाठवलं, ते 'सुविधा अपुऱ्या' एवढा एक शेरा मारून परत आलं. प्रिन्सिपल सर म्हणतात हे मुंबई-पुण्याचं काम, आपण नॅकचं (कॉलेजच्या मूल्यांकनाचं) बघू. सोबत प्रपोजलची कॉपी पाठवतेय. खरंच काही होईल का?

मॅडम, कॉपी वाचली. रागावू नका पण शेरा मारणाऱ्याचं बरोबर आहे. तुमचं पहिलंच उद्दिष्ट आहे विषाणू वेगळा काढणं आणि त्याचं सिक्वेन्सिंग (जनुकांचा क्रम वाचणं), आता माकडतापाचा विषाणू साध्या लॅबमध्ये वाढवायचाच नसतो, त्याला वरच्या दर्जाची बंदिस्त लॅब लागते, पुण्याच्या एनआयव्हीकडे (राष्ट्रीय विषाणू संस्था) ती आहे, तुमच्याकडे नाही आणि व्हायचीही गरज नाही. छोट्या कॉलेजची बहुतेक प्रपोजलं मी बघते ती अशीच असतात, मोठ्या लॅबची नक्कल, फक्त बजेट कमी.

आता तुमच्याकडे काय आहे ते बघा. हा आजार १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडला आणि २०१६ मध्ये आपल्या दोडामार्गात आला. पसरतो गोचिडीमुळे, त्यातही गोचिडीची बारीक पिल्लं, जी कपड्यावर बसलेली दिसतसुद्धा नाहीत. त्यांचा जोर साधारण डिसेंबर ते मे, आणि आपल्याकडे काजूच्या बिया वेचायचे दिवस कधी तर फेब्रुवारी ते मे! म्हणजे ज्या महिन्यात बायका वाकून पाचोळ्यातून बिया गोळा करतात त्याच महिन्यात तो पाचोळा गोचिडींनी भरलेला. कुठल्या बागेत गोचिडी जास्त, रानाला लागून असलेल्या की गावाजवळच्या, पाचोळा जाळला किंवा साफ केला तर फरक पडतो का, अंगाला लावायचं गोचिडी पळवणारं तेल फुकट वाटलं तरी माणसं लावतात का आणि नसतील लावत तर का नाही, ही उत्तरं पुण्यात बसून कोणाला मिळणार आहेत? कर्नाटकात वापरात होती ती जुनी लस फारसा उपयोग होत नाही म्हणून २०२२ मध्ये थांबवली, त्यामुळे नवी लस येईपर्यंत सगळी भिस्त या असल्या साध्या गोष्टींवरच आहे. हे वाक्य प्रपोजलच्या पहिल्या पानावर पाहिजे, तुमच्यात ते कुठेच नाही.

गोचिडी गोळा करायला पांढरं फ्लॅनेल काठीला बांधून जमिनीवरून ओढतात, एवढंच साहित्य. मायक्रोस्कोपखाली जात ओळखायची, मोजायच्या, आणि व्हायरसची तपासणी एनआयव्हीकडे. मात्र फडकं ओढणाऱ्या पोरांचं काय, त्यांना चावली तर? बूट, पूर्ण कपडे, तेल, रोज संध्याकाळी अंग तपासणं, ताप आला तर कुठे न्यायचं, हे सगळं एका परिच्छेदात लिहा, परीक्षक हे विचारणारच. वनखात्याची परवानगीही लागेल, आणि मेलेल्या माकडाला कोणी हात लावायचा नाही, ते आरोग्य आणि पशुसंवर्धनवाल्यांना कळवायचं, हेही लिहा.

एनआयव्हीचं किंवा कुठल्याही मोठ्या लॅबचं पत्र जोडताना 'आम्ही सहकार्य करू' एवढ्यावर समाधान मानू नका, तसली पत्रं ढिगाने येतात. किती नमुने, कोणत्या महिन्यात, बर्फातून नेण्याचा खर्च कोणाचा, पेपरवर नाव कोणाचं पहिलं, हे आधीच लेखी घ्या. आंब्याची बाग कराराने देताना मोहर यायच्या आधी बोलणी होतात ना, फळ लागल्यावर कोणी करार करत नाही, तसंच.

पैसे कुठून? एक दार आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) स्मॉल ग्रँटचं, नाव स्मॉल असलं तरी २ कोटींपर्यंत मागता येतात, म्हणून २ कोटी मागायचे नाहीत, तुमचं काम बरंच कमीत होईल आणि फुगवलेलं बजेट लगेच ओळखू येतं. अर्ज त्यांच्या ई-पीएमएस पोर्टलवर, कॉल (अर्ज मागवणारी जाहिरात) निघतो तेव्हाच. पण त्याआधी ऑफिसात जाऊन एक विचारा, आपल्या संस्थेला डीएसआयआरची (केंद्राचा विज्ञान व औद्योगिक संशोधन विभाग) मान्यता आहे का? खासगी संस्थेला ती बहुतेक ठिकाणी मागतात आणि ती मिळवायला वेळ लागतो, चांगली प्रपोजलं इथेच अडकून पडलेली मी पाहिलीत. तुम्ही पर्मनंट पोस्टवर आहात हे पत्रात लिहिलं नाहीये, तेही बघा, सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) असाल तर मुख्य संशोधक म्हणून अवघड आहे, मग पर्मनंट सहकाऱ्याला पुढे करून तुम्ही सह-संशोधक व्हा.

दुसरं दार एएनआरएफ या केंद्राच्या संशोधन निधी संस्थेची टेअर योजना, तिच्या आधीच्या सर्ब मंडळापासून चालत आलेली, खास तुमच्यासारख्या कॉलेजातल्या शिक्षकांसाठी. नोकरी न सोडता मोठ्या सरकारी संस्थेत वर्षातले साधारण तीन महिने जाऊन काम करायचं, मुदत तीन वर्षं. सर्बच्या काळात ठरलेलं गणित असं की शिक्षकाला वर्षाला ६०,००० रुपये आणि कामासाठी वर्षाला ५ लाख, त्यातले निम्मे तुमच्या कॉलेजला. अर्ज करताना चालू नियम बघूनच घ्या. होस्ट संस्था पुण्या-मुंबईचीच पाहिजे असं काही नाही, तुम्हाला तर गोवा जवळ. खरं सांगू का, पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याने मला विचारलं तर मी आधी टेअरच सांगते, कारण तीन वर्षांत ओळखी होतात, डेटा हातात येतो, मग मोठ्या ग्रँटला 'सुविधा अपुऱ्या' म्हणायची सोय राहत नाही.

आणि प्रिन्सिपल सरांना सांगा, बाहेरून आलेल्या रिसर्च ग्रँटचे मार्क नॅकमध्येही असतात.

प्रश्न : मी चिपळूण भागातल्या एका संस्थेत अकाउंट्स बघतो. संस्थेला पहिल्यांदाच केंद्राची ग्रँट मिळाली, पहिलं वर्ष बरं गेलं, आता दुसरा हप्ता येत नाही, यूसी (ग्रँट कशी खर्च केली त्याचा दाखला) दोनदा परत आली. फिल्डवरच्या मुलाचा पगार थकलाय, तो रोज येऊन विचारतो. काय चुकतंय?

दादा, तुम्ही पाठवलेली कागदपत्रं बघितली आणि तीन गोष्टी दिसल्या. पहिली म्हणजे व्याज. ग्रँट बचत खात्यात पडून होती, त्यावर व्याज आलं आणि तुम्ही ते खर्चात धरून टाकलं. ते पैसे आपले नव्हेत, सरकारी नियमाप्रमाणे ग्रँटवरचं व्याज भारतकोश पोर्टलवरून सरकारला परत भरायचं आणि पावती यूसीला जोडायची, रक्कम कितीही किरकोळ असो.

दुसरी, मार्चमध्ये तुम्ही सेंट्रिफ्यूजची ऑर्डर काढली, मशीन आलं मे महिन्यात, बिल जूनचं, आणि यूसीमध्ये ते ३१ मार्चपर्यंत 'खर्च झाला' असं दाखवलं. ऑर्डर काढली म्हणजे खर्च झाला नाही. स्टेटमेंट ऑफ एक्स्पेंडिचरमध्ये प्रत्यक्ष दिलेले पैसे वेगळे आणि देणं लागतो ते वेगळं दाखवा, आणि शिल्लक पुढच्या वर्षात वापरायची परवानगी मागणारं पत्र सोबत जोडा. यूसी १२-ए फॉर्ममध्येच हवी, सीएची सही शिक्क्यासकट, आणि यूसीतला आकडा, स्टेटमेंटमधला आकडा आणि बँकेच्या पासबुकातली शिल्लक एकमेकांशी रुपयापर्यंत जुळली पाहिजे. ती जुळत नाहीये, व्याजामुळेच.

तिसरी, केमिकल्सच्या हेडमधून (खर्चाच्या शीर्षातून) इन्व्हर्टर घेतलाय. मला कळतं हो, कोकणातला पावसाळा, लाईट दिवसदिवस नाही, डीप फ्रीजरमधले नमुने वितळतील या भीतीने घेतला असणार आणि तो घ्यायलाच हवा होता. पण हेड बदलायचा तर आधी लेखी परवानगी लागते. आता संशोधकांकडून कारण लिहून घेऊन ती मागून ठेवा, मिळाली तर उत्तम, नाहीतर तेवढी रक्कम संस्थेला सोसावी लागेल. (जे नवीन प्रपोजल लिहिताहेत त्यांनी ऐका, पॉवर बॅकअप पहिल्याच बजेटमध्ये कारण देऊन टाका, पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोणालाही ते समजावून सांगायला लागू नये पण दिल्लीत बसलेल्याला लागतं.)

त्या मुलाच्या पगाराचं मात्र थांबवू नका. संस्थेचा ठराव करून संस्थेच्या पैशातून द्या, आणि हप्ता आल्यावर वळते करता येतील का हे ग्रँट देणाऱ्यांना आत्ताच मेल करून विचारा. प्रोजेक्टच्या लोकांना वाऱ्यावर सोडणाऱ्या संस्थेचं नाव पटकन पसरतं, पुढच्या वेळी जाहिरात काढलीत तर इंटरव्ह्यूला कोणी येणार नाही.

प्रश्न : मी गुहागर तालुक्यात प्रॅक्टिस करतो, छोटं हॉस्पिटल आहे. फुरसं चावलेले, विंचू चावलेले पेशंट बरेच येतात, वर्षानुवर्षांच्या नोंदी वहीत आहेत. यावर संशोधन करायला मला अनुदान मिळेल का? कॉलेज वगैरे काही नाही.

डॉक्टर, एकट्या हॉस्पिटलला सरळ ग्रँट मिळणं कठीण, पण आधी हे लक्षात घ्या की आपल्याच कोकणात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिनचं काम केलं, ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं, पुढे २०११ मध्ये बीएमजे या तशाच नियतकालिकात त्यांची ट्रायल छापून आली, आणि २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. प्राझोसिन म्हणजे ब्लडप्रेशरची साधी स्वस्त गोळी. रात्ररात्र पेशंटशेजारी बसून नाडी, घाम, प्रेशर लिहून ठेवणं हे तिथलं भांडवल, आणि तुमच्या वहीत तेच आहे.

पण वहीतला डेटा वापरायचा तरी एथिक्स कमिटीची (संशोधनात पेशंटचं हित बघणारी समिती) मंजुरी हवी. जुन्या नोंदींसाठी प्रत्येक पेशंटची संमती घ्यायला लावू नका अशी सवलत मागता येते, ती द्यायची की नाही ते कमिटी ठरवते, तुम्ही स्वतः नाही. तुमच्याकडे कमिटी नसणार, तर जवळच्या मेडिकल कॉलेजच्या कमिटीशी करार करा, ती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे ना एवढं विचारून घ्या. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, अलिबाग तिन्हीकडे आता सरकारी मेडिकल कॉलेजं झालीत, तिथल्या मेडिसिनच्या किंवा पीएसएमच्या (सामाजिक आरोग्य) प्राध्यापकांना रिसर्च करायचा असतो आणि पेशंटच्या जुन्या नोंदी नसतात. तुम्ही सह-संशोधक व्हा, अर्ज त्यांच्या संस्थेच्या नावाने जाऊ दे.

विषय मी सुचवू? प्रतिविष चार सापांवर चालतं, नाग, मण्यार, घोणस, फुरसं. चापडा (झाडावरचा हिरवा विषारी साप) चावला तर त्याचा उपयोग नाही. मग चापडा चावलेल्यांना उगीच किती प्रतिविष दिलं जातं, साप ओळखता न आल्यामुळे? हे मोजलेलं मला हवंय. वेळही चांगली आहे, केंद्राने २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे असं त्यात ठरलंय, तुमच्या अर्जात ती ओळ पाहिजेच. आणि पुढे नवीन औषध किंवा डोस देऊन बघणार असाल तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआयवर (क्लिनिकल ट्रायलच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंद करा, फुकट असते, नंतर केलेली नोंद ते घेतच नाहीत.

प्रश्न : ताई, मी एमबीबीएस सेकंड इयरला आहे, आयसीएमआरची एसटीएस (विद्यार्थ्यांसाठीची छोटी संशोधन योजना) करायची म्हणून सगळे मागे लागलेत. रत्नागिरीत राहून जमेल का?

जमेल रे. १९७९ पासून चालू आहे ती, मुंबईकरांसाठी राखीव नाही. काम दोन महिन्यांचं, म्हणून विषय दोन महिन्यांत उरकेल असाच घे, भातलावणीनंतर लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस) पेशंटमध्ये प्रतिबंधाच्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या किती जणांनी खरंच घेतल्या होत्या, एवढा छोटा चालेल. गाईड तुझ्याच कॉलेजचा हवा. त्यांना कॉल निघाल्यावर शेवटच्या आठवड्यात गाठू नकोस, आधी जा, कारण एथिक्स कमिटीची मीटिंग तुझ्या डेडलाइनसाठी थांबत नाही. आणि सगळे मागे लागलेत म्हणून करत असशील तर नको करूस, दोन महिने सुट्टी तरी मिळेल.

प्रश्न : एक गृहस्थ प्रपोजल लिहून देतो आणि मंजूरही करून देतो म्हणतात, ग्रँटच्या दहा टक्के मागतात, थोडे आधी घेतलेत. विश्वास ठेवावा का?

नाही. मंजूर करून देणं कोणाच्याही हातात नसतं, आणि ते दहा टक्के तुम्ही कुठल्या हेडमधून दाखवणार? दिलेला अॅडव्हान्स लेखी मागून घ्या.