हात स्लिंगमध्ये असताना फिजिओ पोटा-कमरेचे व्यायाम का करून घेतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दंडाचं हाड खांद्याजवळ मोडलंय, ऑपरेशन केलेलं नाही, तीन आठवडे हात स्लिंगमध्ये आहे. आणि फिजिओ हात सोडून ‘कोअर’चे, म्हणजे पोटा-कमरेच्या स्नायूंचे, व्यायाम करून घेतात. हा वेळकाढूपणा आहे का?

नाही. पण तुमची शंका अगदीच बिनबुडाची नाही, त्याबद्दल पुढे बोलतो. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे खांद्या-कोपराचेच रुग्ण जास्त येतात.

आधी एक करून बघा. उभे राहा. स्लिंगमधल्या हाताची बोटं तशीही पोटाशी आलेली असतात, ती तिथेच राहू द्या आणि चांगला हात झटकन समोर उचला. बोटांखाली पोट किंचित आवळल्यासारखं लागेल. १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी हे मोजून दाखवलं. हात झटकन हलवताना पोटाचा सगळ्यात आतला, आडवा स्नायू खांद्याच्या स्नायूच्याही आधी कामाला लागतो, मग हात कुठल्याही दिशेला जाणार असो. ज्यांची कंबर दुखते त्यांच्यात त्याला उशीर होतो, हेही त्यांना दिसलं. डुगडुगत्या स्टुलावर उभं राहून खिळा ठोकायला गेलं की घाव नीट बसत नाही, तसंच हे आहे.

खांद्याच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. खांद्याचं पातं बरगड्यांवरून सरकतं; बाकी सांगाड्याशी त्याचा हाडाचा जोड एकच, गळ्याजवळच्या हाडातून. हात पूर्ण वर जाताना साधारण एक तृतीयांश हालचाल या पात्याची असते. पाठीला पोक काढून बसा आणि चांगला हात वर न्या. मग ताठ बसून न्या. फरक लगेच कळेल. स्लिंगमध्ये माणूस हमखास पुढे झुकतो, दुखरा खांदा कानाकडे खेचून धरतो. पुढे हात उचलायची वेळ आली की खांदा उडवून आणि धड विरुद्ध बाजूला कलवून तो उचलला जातो. हाड जुळतं, पण ही खोड मागे राहते आणि ती घालवायला फार वेळ लागतो. आत्ताचे व्यायाम मुख्यतः त्यासाठी आहेत. पोट सपाट करणं हा त्यांचा हेतूच नाही.

दुसरं कारण कोणी फारसं सांगत नाही: एक हात बांधलेला असला की तोल बिघडतो. तुम्ही पडूनच हाड मोडलं असेल तर पुन्हा न पडणं सगळ्यात महत्त्वाचं.

या टप्प्यावर मी काय देतो? पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, श्वास सोडत ओटीपोट हलकेच आत घेणं. मग ब्रिज, म्हणजे कंबर उचलणं. टाच सरकवत एकेक पाय लांब करणं. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणं-बसणं. आणि चालणं. झोपताना दुखऱ्या दंडाखाली उशी हवीच, नाहीतर कोपर मागे लोंबकळतं आणि खांदा ठणकतो. उठताना चांगल्या कुशीवर वळून उठा. श्वास रोखून धरू नका.

प्लँक, म्हणजे हातांवर आणि पायाच्या बोटांवर अंग ताठ उचलून धरणं, आत्ता अजिबात नको. हातागुडघ्यांवर येऊन करायचे व्यायामही नकोत, आणि दुखऱ्या बाजूचा साइड प्लँक तर नाहीच. व्हिडिओ बघून लोक नेमके हेच करतात. हातावर भार द्यायची वेळ हाड कितपत जुळलं ते एक्स-रेत बघून डॉक्टर ठरवतात. तेव्हासुद्धा आधी भिंतीला टेकून, मग टेबलावर, आणि जमीन सगळ्यात शेवटी.

आता तुमची शंका. कोअरचे व्यायाम हाताच्या व्यायामांची जागा घेऊ शकत नाहीत. बोटं, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसांपासून हलते राहायला हवेत. कोपर तर फार लवकर आखडतं. ऑपरेशन न केलेल्या अशा फ्रॅक्चरमध्ये, हाड स्थिर असेल तर, वाकून हात सैल सोडून हलके झोके देणंही बऱ्याचदा याच सुमारास सुरू होतं. ‘हे कधी करायचं?’ असं फिजिओंना सरळ विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर ज्यांनी हाड बसवलं त्या डॉक्टरांना विचारा. कोअर हा शब्द आमच्या धंद्यात जरा जास्तच विकला जातो, हे मी मान्य करतो. बोट मोडलेल्या माणसाला कोणी महिनाभर पोटाचे व्यायाम देत बसलं तर मीही भुवया उंचावीन. उलट टेनिस किंवा भालाफेक खेळणाऱ्याला ते टाळून चालणारच नाही, कारण त्यांच्या फेकीचा जोर पायांतून आणि धडातून हातात येतो.

खांद्याच्या बाहेरच्या बाजूला चकतीएवढा भाग बधिर वाटला, मनगट वर उचलता येईना, किंवा बोटं सुजून निळसर, गार पडली, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.