फॉरमॅट करण्यापूर्वी कोणती किल्ली जपावी?

प्रश्न : विंडोज संगणक फॉरमॅट करण्यापूर्वी मी त्यातील प्रमाणपत्रांची यादी उघडून पाहिली. तीत कधी न ऐकलेल्या संस्थांची डझनावारी नावे दिसली. ‘पर्सनल’ या कप्प्यात माझ्याही नावाचे एक प्रमाणपत्र होते, पण ते कुठून घेतल्याचे मला आठवत नाही. अनोळखी प्रमाणपत्रे काढून टाकावीत का, आणि माझ्या नावाच्या प्रमाणपत्राचे काय करावे?

उत्तर : आपण धास्ती घेतली आहे ती अनोळखी नावांची, काळजी घ्यायला हवी ती आपल्याच नावाची.

प्रमाणपत्रे एन्क्रिप्शनच्या, म्हणजे मजकूर कुलूपबंद करण्याच्या, ज्या पद्धतीत वापरतात तीत किल्ल्यांची जोडी असते. सार्वजनिक किल्लीने मजकूर कुलूपबंद करता येतो, परंतु तो उघडतो केवळ जोडीतल्या खासगी किल्लीने. किल्ली म्हणजे प्रत्यक्षात एक अवाढव्य संख्या. आरएसए या प्रचलित पद्धतीच्या २०४८ बिटांच्या किल्लीतील मुख्य संख्या नेहमीच्या अंकांत लिहायची तर ६१७ अंक लागतात. प्रमाणपत्र हा ‘ही सार्वजनिक किल्ली अमक्याची आहे’ असा सहीशिक्क्याचा दाखला असतो आणि त्यात गुपित असे काहीच नसते.

यादीतली अनोळखी नावे असे दाखले देणाऱ्या मूळ संस्थांची आहेत. संकेतस्थळाच्या दाखल्यावर कोणाची सही आहे, त्या सही करणाऱ्याला कोणी दाखला दिला, असे मागे मागे जात ब्राउझर अशा एखाद्या मूळ संस्थेपाशी पोहोचतो. नाव पुसले, तर या यादीवर विसंबणाऱ्या प्रोग्रॅममध्ये धडधाकट संकेतस्थळांवरही इशारे झळकू शकतात. विश्वास उडण्याचे प्रसंगही येतात : २०११ साली डिजीनोटार या डच संस्थेच्या यंत्रणेत शिरून खोटी प्रमाणपत्रे काढली गेली, तेव्हा ब्राउझरच्या निर्मात्यांनी तिच्यावरचा विश्वास काढून घेतला. ही छाटणी अपडेटवर सोपवावी.

आता आपले प्रमाणपत्र. ते उघडल्यावर ज्याला दिले आणि ज्याने दिले ती दोन्ही नावे आपलीच असतील व उद्देश ‘एन्क्रिप्टिंग फाइल सिस्टम’ असा असेल, तर आपण केव्हातरी एखाद्या फोल्डरच्या गुणधर्मांत एन्क्रिप्शनची खूण केली आणि विंडोजने गुपचूप हे प्रमाणपत्र तयार केले, असे समजावे. त्याच्या चिन्हावरची चिमुकली किल्ली सांगते की खासगी किल्ली याच संगणकात आहे. फॉरमॅटमध्ये ती गेली, की बाहेरच्या डिस्कवर कुलूपबंद अवस्थेत ठेवलेल्या फायली खुद्द आपल्यालाही उघडणार नाहीत.

सर्वांत सोपे म्हणजे आधी ती खूण काढून फायली मोकळ्या कराव्यात. तसे नको असेल तर प्रमाणपत्र एक्स्पोर्ट करताना खासगी किल्लीही सोबत घेण्याचा पर्याय निवडावा. तयार होणारी फाइल ‘पीएफएक्स’ असली पाहिजे; ‘सीईआर’ फाइलमध्ये नुसता दाखला असतो, आणि अनेकांची फसगत होते ती इथेच. पीएफएक्स फाइलला पासवर्ड देऊन ती पेनड्राइव्हवर ठेवावी, दुसऱ्या विंडोज संगणकावर इम्पोर्ट करून बाहेरच्या डिस्कवरची एखादी कुलूपबंद फाइल खरोखर उघडते का ते पाहावे, आणि मगच फॉरमॅटला हात घालावा.