ब्रह्मोस लावल्यावर फ्लाइट सिम अडखळतंय? ग्राफिक्स कार्ड विकत घेण्याआधी एकदा हे वाचा

नमस्कार. तुमची पोस्ट काल रात्री बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, "ही तूच लिहिलीस ना?" तिचं चुकलं नाही. चार वर्षांपूर्वी मी हेच रडगाणं गात होतो.

तुमची तक्रार मला कळली ती अशी. डीसीएसमध्ये (पीसीवर लढाऊ विमानं उडवायचं सिम्युलेटर, म्हणजेच सिम) सुखोई-३०चा फुकटचा मॉड, म्हणजे हौशी लोकांनी केलेली जोडणी, टाकलाय, त्याच्या पोटाखाली वेगळ्या कुणीतरी केलेलं ब्रह्मोस लावलंय. तेव्हापासून दर सेकंदा-दोन सेकंदांनी झटका बसतो. शिवाय क्षेपणास्त्र नेमकं लागूनही जहाज ढिम्म. ग्राफिक्स कार्ड ३०६०, १२ जीबीवालं, रॅम १६ जीबी. आणि खाली तिघांनी एकच सल्ला दिलाय: कार्ड बदला.

कार्ड बदलू नका. निदान आठवडाभर तरी.

मॉड कुठे टाकायचा वगैरे तुम्हाला येतंय असं धरून चालतो. मी प्रोग्रामर नाही, नाशकात हिशेबाची कामं करतो. खाली जे आहे ते हात पोळून शिकलेलं आहे, तेव्हा तुमच्या मशीनवर जसंच्या तसं लागू पडेलच असं नाही.

२०२२च्या मे महिन्यात मी असंच एक पॅकेज उतरवून घेतलं. त्यात क्षेपणास्त्र होतं, "फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढवणाऱ्या" म्हणून काही फायली होत्या आणि एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, होती. क्षेपणास्त्राचा वेग, अंतर वगैरे बाजूच्या टॅबलेटवर दाखवण्यासाठी. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, सगळं कॉपी करून पेस्ट करा, "रिप्लेस" विचारलं तर हो म्हणा. मी हो म्हटलं. काय काय बदललं याची नोंद नाही, जुन्या फायलींची प्रत नाही. ओव्हीजीएमईसारखं साधन तेव्हाही होतं. ते मॉड चढवतं तसं एका टिचकीत उतरवतंही. पण त्याला अर्धा तास कोण घालवणार, असा माझा तेव्हाचा तोरा.

दुसऱ्या दिवसापासून झटके सुरू. विमान सरळ चाललंय, खाली समुद्र, आजूबाजूला कुणी नाही, आणि तरी चित्र कुणी चिमटा काढल्यासारखं थबकतंय. मी गेमचं रिपेअर चालवलं. त्याच्या अपडेटरने बदललेल्या फायली उचलून '_बॅकअप' नावाच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवल्या आणि मूळच्या परत आणल्या. झटके तसेच. मग अख्खा गेम काढून पुन्हा टाकला. नकाशे धरून माझ्याकडे १६० जीबीच्या आसपास भरत होतं. महिन्याचा डेटा संपला, तिसऱ्या दिवशी वीज गेली, अर्धवट उतरलेलं पुन्हा तपासावं लागलं. (इन्व्हर्टरवर राउटर चालतो, पीसी नाही. यूपीएस घ्या, हा खर्च वाया जात नाही.) सगळं नवंकोरं टाकून बसलो आणि झटके जसेच्या तसे. तेव्हा माझी खात्रीच पटली की दोष हार्डवेअरचा.

इथे एका दुकानाचा प्रवेश. नाव घेत नाही. त्यांनी माझं कार्ड "टेस्टिंगला" म्हणून नऊ दिवस ठेवून घेतलं. काय टेस्ट केलं विचारलं तर "सगळं बघितलं साहेब, हीटिंग इश्यू आहे, लाइफ संपलीय." कागदावर काही द्या म्हटलं तर काउंटरवरचा मुलगा पावतीच्या मागे पेनने "कार्ड वीक" असं लिहून देतो! तोच मुलगा मग त्याच काउंटरवर नवं कार्ड दाखवतो. ५२ हजारांचं. वर रॅमही बदलायला लावली. मी घेतलं, कारण तोवर झोप उडाली होती. दिवाळीपर्यंत त्याच कार्डाचे भाव उतरले ते वेगळंच. जुनं "वीक" कार्ड चुलतभावाच्या मुलाला ९ हजारांना दिलं, आजही त्याच्याकडे ठणठणीत चालतंय. तो मला भेटला की मुद्दाम सांगतो.

नवं कार्ड लावलं. झटके तसेच.

कारण सापडलं ते केवळ योगायोगाने. सी ड्राइव्ह लाल झाला म्हणून काय भरलंय ते शोधत होतो, तर सेव्हड गेम्समधल्या डीसीएसच्या फोल्डरात, लॉग्जमध्ये, एक लॉगची, म्हणजे सिमच्या नोंदवहीची, फाईल सव्वा जीबीची. नोटपॅडने उघडेना. दुसऱ्या एडिटरने कशीबशी उघडली तर एकच ओळ लाखो वेळा. 'एक्सपोर्ट'मध्ये (सिममधली माहिती बाहेर पाठवणारी फाईल) चूक, अमुक ओळ, व्हॅल्यू नाही. ती टॅबलेटवाली छोटी स्क्रिप्ट! ती प्रत्येक फ्रेमला क्षेपणास्त्राची माहिती मागत होती, प्रत्येक फ्रेमला आपटत होती, आणि सिम बिचारं प्रत्येक फ्रेमला त्याची डायरी लिहीत होतं.

आता माझी खरी घोडचूक. एक्सपोर्टची ही फाईल गेमच्या फोल्डरात नसतेच. ती असते तुमच्या यूजरच्या नावाखालच्या सेव्हड गेम्समध्ये, डीसीएस, मग स्क्रिप्ट्स. (माझं तेव्हा 'डीसीएस.ओपनबीटा' असं होतं.) गेम काढा, टाका, रिपेअर करा, हे फोल्डर जागचं हलत नाही, कारण तिथे तुमच्या बटनांच्या जोडण्या आणि मिशन असतात, ती पुसली जाऊ नयेत म्हणून. म्हणजे मी दोनदा घर पाडून बांधलं आणि उंदीर खिशातच घेऊन फिरत होतो.

तेव्हा तुम्ही आज सगळ्यात आधी काय कराल तर गेम बंद करून सेव्हड गेम्समधल्या त्या फोल्डरचं नाव बदला, 'डीसीएस_जुना' असं काहीही. गेम चालू केलात की तो स्वतःच कोरं फोल्डर बनवेल. कुठलाही मॉड न टाकता, फुकट मिळणारं सुखोई-२५टी घेऊन समुद्रावर दहा मिनिटं उडा. झटके गेले, तर चोर जुन्या फोल्डरात आहे. मग एकेक गोष्ट परत आणा: आधी कॉन्फिगमधलं इनपुट, म्हणजे जॉयस्टिकच्या जोडण्या, मग एक मॉड, मग दुसरा, आणि एक्सपोर्टची फाईल सगळ्यात शेवटी. एसआरएस (ऑनलाइन बोलायचा रेडिओ), टॅकव्ह्यू (उड्डाणाची नोंद ठेवणारं) वगैरेही त्याच फाईलमध्ये आपापली ओळ घुसवतात. सगळ्या ओळी एकदम परत आणू नका. आणि कोऱ्या फोल्डरातही झटके राहिले, तरच पुढचं वाचा.

पुढचं म्हणजे राइट कंट्रोल आणि पॉज. कोपऱ्यात फ्रेमचा आकडा येतो. पुन्हा दाबलंत की तपशील वाढतो आणि अडचण सीपीयूची (मुख्य प्रोसेसर) की जीपीयूची (ग्राफिक्स कार्ड) तेही दिसतं. लॅपटॉपवर पॉजचं बटन बहुधा नसतं, कंट्रोल्समध्ये जाऊन दुसरं बांधा. सीपीयू दाखवत असेल तर नवं कार्ड घेऊन काय करणार? तुमच्या मिशनमध्ये किती जहाजं, किती विमानं आहेत ते लिहिलेलं नाही. तीस जहाजांचा ताफा असेल तर तो आधी पाचावर आणून बघा. मार्च २०२३मध्ये डीसीएसला मल्टिथ्रेडिंग (काम प्रोसेसरच्या अनेक कोअरवर वाटणं) आलं, ऑक्टोबर २०२३मध्ये २.९ आवृत्तीसोबत डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून फ्रेम वाढवणं) आलं. त्याआधीचे "अमुक ओळ ऑटोएक्झेकमध्ये (सेटिंगची एक फाईल) टाका, २० फ्रेम वाढतील" छापाचे सल्ले माझ्या मते सरळ कचऱ्यात टाका. निम्मे तेव्हाही मनाचे खेळच होते.

रॅमच्या बाबतीत मात्र मी त्या तिघांपेक्षा वेगळा खर्च सुचवीन: १६ जीबी कमीच पडते, ३२ करा. कॉकपिटमधले आरसे बंद करा, कॉकपिटमधल्या डिस्प्लेचं रिझोल्यूशन "एव्हरी फ्रेम"वर ठेवू नका, रस्त्यावरच्या गाड्यांची वाहतूक बंद. कार्डाचा ड्रायव्हर किंवा गेम अपडेट झाला की त्याच सेव्हड गेम्समधली एफएक्सओ आणि मेटाशेडर्स२ ही (ग्राफिक्सची तयार माहिती साठवणारी) फोल्डरं रिकामी करा. पहिल्यांदा मिशन उघडायला वेळ लागेल, घाबरू नका.

आता ब्रह्मोस. माझा सगळा जीव इथे आहे, म्हणून थोडं लांबेल.

बाबा नाशिकजवळ ओझर मिगला एचएएलमध्ये, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीत, होते, आता निवृत्त आहेत. कामाचं ते घरी अवाक्षर काढत नसत आणि आजही पेपरात आलंय तेवढंच बोलतात. पेपरात आलेलं असं: साधारण अडीच टनाचं हे क्षेपणास्त्र पोटाखाली नेण्यासाठी सुखोईच्या रचनेत बदल करावे लागले, ते काम ओझरलाच झालं, २५ जून २०१६ला ब्रह्मोस लावून पहिलं उड्डाण तिथूनच झालं, आणि २२ नोव्हेंबर २०१७ला बंगालच्या उपसागरावर पहिल्यांदा ते विमानातून डागलं गेलं.

लॉगची भानगड मिटल्यावर मी हौसेने बाबांना खुर्चीत बसवलं आणि तेच क्षेपणास्त्र डागून दाखवलं. स्क्रीनवर मोठा जाळ, धूर, मी खूश. बाबा म्हणाले, "परत दाखव." दाखवलं. "एवढं ओझं सुटलं आणि विमान हललंसुद्धा नाही?"

मी त्या मॉडमधली क्षेपणास्त्राची फाईल उघडली. लोडआउटच्या (विमानाला काय लटकवलंय त्या) भागात दोन ओळी असतात, 'वेट' आणि 'सीएक्स_पिल'. पहिली किलोत वजन, दुसरी ते लटकत असताना विमानाला होणारा हवेचा अडथळा. वेटपुढे २५०. एक शून्य खाल्लेलं! दुसरा आकडा कुठल्यातरी छोट्या क्षेपणास्त्रावरून उचललेला. गंमत अशी, की क्षेपणास्त्राच्या स्वतःच्या तक्त्यात 'एम' म्हणून वजन वेगळं लिहिलेलं असतं आणि तिथे २५०० बरोबर होतं. म्हणजे सुटल्यावर अडीच टन, पण सुटेपर्यंत विमानाच्या लेखी साखरेची पोती. शून्य घातल्यावर मजा बघा. सुखोई उचलते आरामात, तिचं कमाल उड्डाणवजन ३८ टनांच्या वर आहे. पण वळताना जड होते, वेग धरायला वेळ घेते, आणि क्षेपणास्त्र सुटताक्षणी नाक वर उचलते. ते आधी खाली पडतं आणि मग पेटतं, तेवढ्यात स्टिक पुढे दाबावी लागते. बाबांनी नुसती मान हलवली. आमच्याकडे ती शाबासकी समजतात.

तर तुम्ही आधी या दोन ओळी बघा. लोक 'एनआर_मॅक्स' (क्षेपणास्त्र किती जोरात वळू शकतं तो आकडा) वाढवतात, पल्ला वाढवतात, स्फोटक दुप्पट करतात आणि त्याला "रिअलिस्टिक" म्हणतात. मला ते पटत नाही. तुमचं जहाज बुडत नाही म्हणून स्फोटकाचा आकडा वाढवायचा मोह होईल, तो आवरा. खऱ्या ब्रह्मोसचं वॉरहेड २०० ते ३०० किलोचं. बाकीचा मार आहे तो ध्वनीच्या पावणेतीन पट वेगाने आदळणाऱ्या वजनाचा. सिममध्ये जहाज म्हणजे ठरावीक 'लाइफ' असलेली एक वस्तू, तिच्यातून स्फोटाचे गुण वजा होतात, असं मला तरी दिसलंय. आकडा वाढवलात तर जहाज बुडेल, पण शेजारची तीनही बुडतील. त्यापेक्षा मिशनमध्येच 'स्प्लॅश डॅमेज' (स्फोटाचा आजूबाजूला होणारा मार वाढवणारी) नावाची स्क्रिप्ट ट्रिगरने, म्हणजे मिशन एडिटरमधल्या आपोआप चालणाऱ्या सूचनेने, चालवा, 'डू स्क्रिप्ट फाईल' करून. ती मिशनपुरती राहते आणि मूळ फायलींना हात लागत नाही. आणि समोर टिकॉन्डेरोगासारखी (क्षेपणास्त्रं पाडू शकणारी अमेरिकी) क्रूझर ठेवली असेल तर कदाचित तुमचं क्षेपणास्त्र वाटेतच पाडलं जात असेल. रिप्ले सावकाश करून बघा, नेमकं लागल्याची खात्री करा.

मूळच्या शस्त्रांचे आकडे बदलून ऑनलाइन सर्व्हरवर जाऊ नका. इंटिग्रिटी चेक (फायली मूळच्याच आहेत ना याची तपासणी) दारातच अडवेल, आणि अडवलं नाही तरी ती लबाडीच. नवं शस्त्र सेव्हड गेम्समधल्या मॉड्समध्ये वेगळं ठेवा, मित्रांसोबत उडायचं तर सगळ्यांकडे तीच प्रत हवी. आमच्या चौघांत एकाकडे अडीचशेवालं राहिलं होतं. प्रत्येक उड्डाणात तो पठ्ठ्या आमच्या पुढे!

फोल्डरचं नाव बदलून काय झालं ते लिहा. नाहीच जमलं तर लॉगच्या शेवटच्या पन्नासेक ओळी आणि ती वेटची ओळ इथे चिकटवा. अख्खा लॉग नको, आणि चिकटवण्याआधी त्यातलं तुमचं यूजरनेम खोडा. मी रविवारी दुपारनंतर असतो.