कॅसिनो थीमच्या पार्टीत नवख्याला जमतील अशा पत्त्यांच्या जादू कोणत्या?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसच्या पार्टीची थीम कॅसिनो आहे, हातचलाखी अजिबात येत नाही आणि दोन-तीन सोप्या जादू हव्या आहेत. मी हौस म्हणून घरगुती कार्यक्रमांत पत्त्यांच्या जादू करतो. माझा सल्ला असा की हातचलाखीच्या नादी आत्ता लागूच नका. तळातला पत्ता वाटणं, पत्ता तळहातात लपवणं या गोष्टी आरशासमोर महिनोन्‌महिने घासल्यावर येतात. ज्या जादूत हिशेबच सगळं काम करतो अशाच निवडा. मग हात थरथरला तरी बिघडत नाही आणि समोरच्याशी मोकळेपणी बोलता येतं. जुगाराच्या थीममध्ये हरणं-जिंकणं आयतंच असतं, त्यामुळे वेगळी गोष्ट रचावी लागत नाही.

माझी सगळ्यात आवडती जादू तीन पत्तीची. आपल्याकडे पोकरचे नियम पाचातल्या एकाला ठाऊक असले तर असतात, पण जोडीपेक्षा ट्रेल, म्हणजे तीन सारखे पत्ते, मोठी हे सगळ्यांना माहीत असतं. कॅटमधून फक्त सहा पत्ते काढा: इस्पिक, बदाम आणि किलवरच्या तीन सत्त्या, इस्पिक आणि बदामचे दोन राजे, आणि चौकटची नव्वी. ही नव्वी म्हणजे पनवती. ती ज्याच्याकडे जाईल तो हरणार, बाकीचे पाच पत्ते कसेही वाटले जावोत.

का, ते नीट समजून घ्या. नव्वीवाल्याला उरलेल्या पाचातले दोनच पत्ते मिळतात. दोन्ही राजे मिळाले तर त्याची राजांची जोडी, पण मग तुमच्याकडे सत्त्यांची ट्रेल. दोन सत्त्या मिळाल्या तर त्याची सत्त्यांची जोडी आणि तुमची राजांची. एक राजा, एक सत्ती मिळाली तर त्याच्याकडे काहीच नाही, तुमच्याकडे सत्त्यांची जोडी. चौथी शक्यताच नाही. नव्वी चौकटची का, तर बाकी पाचांत चौकट नसल्यामुळे त्याचा कलर, म्हणजे तिन्ही पत्ते एकाच चिन्हाचे, लागू शकत नाही. सात, नऊ आणि राजा यांचा सिक्वेन्सही, म्हणजे ओळीने लागणारे तीन पत्ते, होत नाही. पत्ते बदलायचे असतील तर एवढं सांभाळा: जोडीचे पत्ते तिघांपेक्षा मोठे हवेत, पनवतीचं चिन्ह इतर कुणाचं नको आणि तिन्ही प्रकार मिळून सिक्वेन्स होता कामा नये.

आता पनवती त्याच्याकडे पोचवायची कशी? सुरुवातीला ती तळाला ठेवा. पिसल्यासारखं दाखवत सहाही पत्ते एकेक करून दुसऱ्या हातात ओढा. क्रम उलटतो आणि तळातली नव्वी वर येते. पहिला पत्ता त्याला, दुसरा तुम्हाला, असं वाटलं की काम झालं. दुसऱ्या डावात म्हणा, ‘आता तू वाट.’ पत्ते गोळा करताना नव्वी वर घ्या, एकदा ओढा, ती तळाला जाते. तो रीतीप्रमाणे पहिला पत्ता तुम्हाला देईल आणि शेवटचा, म्हणजे नव्वी, स्वतःला. त्याने स्वतःच पिसायचा हट्ट धरला तर? त्यासाठी नव्वीच्या पाठीवर आधीच पेन्सिलीने बारीक ठिपका काढून ठेवा, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत. पिसून झाल्यावर पत्ते पालथेच टेबलावर पसरायला सांगा. ठिपका वरून पहिल्या, तिसऱ्या किंवा पाचव्या जागी असेल तर वाटप त्याच्यापासून सुरू करा, नाहीतर स्वतःपासून.

तिसरा डाव मात्र खरा रंगतो. नव्वी पालथीच त्याच्यापुढे सरकवा आणि उरलेले पाच पत्ते उताणे मांडा. ‘हवे ते दोन घे, उरलेले माझे.’ बघणारे सगळे त्याला सल्ले द्यायला लागतात. बहुतेक वेळा राजे उचलले जातात आणि तुम्ही शांतपणे तीन सत्त्या जवळ ओढता. यानंतर थांबा. चौथा डाव खेळलात तर कुणीतरी हुशार माणूस कागद-पेन घेऊन बसेल.

पोकर खेळणारे असतील तर हेच दहा पत्त्यांवर होतं: तीन प्रकारचे तीन-तीन पत्ते आणि एक पनवती, प्रत्येकाला पाच पत्ते. तिथेही पनवतीवाला कायम एक पायरी खाली राहतो. समोर फुल हाउस (तीन सारखे आणि एक जोडी) तर त्याचे तीन सारखे, समोर तीन सारखे तर त्याच्या दोन जोड्या, समोर दोन जोड्या तर त्याची एकच. मूळ जादू हीच, जादूगारांमध्ये फार जुनी. वरची सहा पत्त्यांची मांडणी मी आपल्या लोकांसाठी बसवली.

दुसरी जादू चार एक्क्यांची. इथे तुम्ही पत्त्यांना हातही लावायचा नाही, म्हणूनच ती परिणामकारक होते. चारही एक्के आधीच कॅटच्या वर ठेवलेले असतात. समोरच्याला तळाकडून थोडे थोडे पत्ते टाकत साधारण सारखे चार ढीग करायला सांगा. एक्के शेवटच्या ढिगावर येतात. आता पहिला ढीग उचलून वरचे तीन पत्ते एकेक करून तळाला, मग पुढचे तीन बाकीच्या तीन ढिगांवर एकेक. दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगालाही तेच, आणि एक्क्यांचा ढीग सगळ्यात शेवटी. त्या ढिगावर तोवर तीन फालतू पत्ते येऊन बसलेले असतात. ते तळाला जातात, तीन एक्के इतर ढिगांवर पोचतात आणि चौथा जागेवर राहतो. प्रत्येक ढिगाचा वरचा पत्ता त्यालाच उलटू द्या. मधल्या वेळात गप्प राहू नका, नाहीतर लोक पत्ते मोजत बसतात.

तिसरी थोडक्यात. नॉर्मन गिलब्रेथ यांनी 1958 मध्ये मांडलेल्या तत्त्वावर ती चालते. कॅट लाल-काळा-लाल-काळा असा लावून ठेवा. अंदाजे अर्धे पत्ते एकेक करून टेबलावर मोजून टाका आणि दोन्ही गठ्ठे कॅसिनोतल्या डीलरसारखे एकमेकांत फडफडवून समोरच्याकडून एकदाच पिसून घ्या. वरून दोन-दोन पत्ते काढत गेलात की प्रत्येक जोडीत एक लाल, एक काळा निघतो. लोकांना वाटतं एकदा पिसलं म्हणजे सगळं विस्कटलं. पर्सी डायकोनिस हे जादूगार ते गणितज्ञ झालेले गृहस्थ. त्यांनी आणि डेव्ह बेयर यांनी 1992 मध्ये दाखवलं की 52 पत्ते बऱ्यापैकी मिसळायला असं पिसणं साधारण सात वेळा लागतं. अडचण एवढीच की आपल्याकडे बहुतेक जण पत्ते ओढून पिसतात, आणि तसं केलं तर ही जादू फसते. फडफडवून पिसणारा कुणी समोर असेल तरच ही करा.

पार्टीत पैसे अजिबात लावू नका, दहा रुपयेसुद्धा नाही. निकाल आधीच ठरलेला असताना पैसे लावणं ही फसवणूकच. प्लॅस्टिकच्या चिप्स किंवा कॅरमच्या सोंगट्या पुरतात. समोर बसवायला जरा जोरात बोलणारा, हरल्यावर हसणारा माणूस निवडा, नव्याने नोकरीला लागलेला बुजरा मुलगा नको. क्रम एक्के आधी, तीन पत्ती नंतर असा ठेवा. सहा पत्ते काढून वेगळ्या खिशात ठेवले तरी उरलेल्या 46 पत्त्यांत एक्क्यांची जादू बिनदिक्कत होते. लाल-काळ्याची करायची असेल तर मात्र लावून ठेवलेला दुसरा कॅट सोबत न्या.