वाचकांचे प्रश्न : दोन बाहूंची गिटार

प्रश्न : एका वस्तुसंग्रहालयाच्या सूचिपत्रात दोन वळलेल्या बाहूंची, बुडाशी सपाट असलेली जुनी गिटार पाहिली. हा आकार निव्वळ शोभेचा होता, की त्याचा आवाजाशी काही संबंध होता? अशा वाद्यावर आजच्या तारा चढवता येतील का?

उत्तर : वर्णनावरून ती ‘लायर गिटार’ असावी. इटलीतील हर्क्युलेनियम आणि पॉम्पेई या ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या रोमन नगरांचे अनुक्रमे १७३८ आणि १७४८ मध्ये उत्खनन सुरू झाल्यावर युरोपात प्राचीन ग्रीक-रोमन कलेची जी ओढ निर्माण झाली, तिच्याच भरात अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच कारागिरांनी लायरच्या, म्हणजे प्राचीन ग्रीकांच्या दोन बाहूंच्या तंतुवाद्याच्या, आकृतीला गिटारची पडद्यांची (सूर ठरवणाऱ्या आडव्या पट्ट्यांची) दांडी जोडली. सपाट बुडामुळे ती मेजावर उभी राही आणि दिवाणखाना सजवी. मांडीवर मात्र ती नीट बसत नसे. तेव्हा येथे कानापेक्षा डोळ्याचा विचार आधी झाला, असे माझे मत आहे.

तिच्यातील कसब मात्र थोर आहे. गिटारच्या कडेची पट्टी जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची असते. ती भिजवून, तापलेल्या लोखंडावर दाबत दाबत वळवावी लागते. नेहमीच्या गिटारच्या कमरेशी हे वळण सौम्य असते, पण बाहूच्या मुळाशी ते इतके आवळत जाते की जरा घाई झाली तरी बाहेरच्या अंगाचे तंतू उचकटतात. जुने वाद्य पाहताना माझी नजर प्रथम तेथेच जाते.

कानासाठी आकार बदलल्याचे उदाहरण हवे असेल, तर हार्प गिटार पाहावी. तिच्यात नेहमीच्या सहा तारांखेरीज पडद्यांविना, मोकळ्याच छेडायच्या खर्जाच्या तारा असतात आणि त्यांना आधार देण्यासाठी काही कारागिरांनी वाद्याचे पोटच पोकळ बाहूच्या रूपाने वर वाढवले. अमेरिकेतील ख्रिस नुटसेन यांनी अशा एकबाहू गिटारच्या रचनेचे पेटंट १८९६ मध्ये घेतले.

तारांविषयी सांगायचे, तर लायर गिटारवर पोलादी तारा कदापि चढवू नयेत. ती तातीच्या, म्हणजे जनावराच्या आतड्यापासून केलेल्या तारेच्या, ताणासाठी बांधलेली असते. पोलादाच्या ओढीने घोडी (तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) उखडते आणि तबली (वाद्याची पुढची पातळ फळी) फुगते. सांधा सुटलाच, तर तो सरसानेच (जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या डिंकाने) जोडून घ्यावा, कारण सरस ऊब आणि ओलावा दिल्यास पुन्हा सुटतो आणि पुढच्या दुरुस्तीच्या वेळी मूळ लाकडाला इजा होत नाही.