वाचकांचे प्रश्न : एल्फिन्स्टनचे विद्यार्थी वर्गाबाहेर काय करीत?

प्रश्न : एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात आजच्यासारखी विद्यार्थी-मंडळे होती का? मुलींची पहिली शाळा तेथील विद्यार्थ्यांनीच काढली असे ऐकले आहे, ते खरे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : मंडळ होते, आणि चांगले कामसू होते. १८२७ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी मुंबई सोडली, त्या वेळी नागरिकांनी त्यांच्या गौरवार्थ जमवलेल्या निधीतून या संस्थेची उभारणी झाली. १८५६ मध्ये शाळा आणि महाविद्यालय विभक्त होईपर्यंत दोन्हींचा संसार एकत्रच होता. तेथे जून १८४८ मध्ये प्रा. पॅटन यांच्या उत्तेजनाने ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन झाली. सभासदाने निबंध लिहून आणावा, सभेत वाचावा आणि मग इतरांनी त्याची चिरफाड करावी, असा तिचा शिरस्ता होता. हे सारे इंग्रजीत चाले. मात्र इंग्रजी न जाणणाऱ्यांनाही त्याचा लाभ व्हावा म्हणून लवकरच मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभा निघाल्या, आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिकही सुरू झाले. स्नेहसंमेलनातल्या नाटकांचा आणि फिशपाँडचा उगम शोधणाऱ्याची इथे निराशाच होईल.

शाळांविषयी मात्र थोडे सावधपणे लिहायला हवे. स्त्रीशिक्षणावरील चर्चा कागदावरच राहू नये, या विचाराने सोसायटीने १८४९ मध्ये मुंबईत मुलींचे वर्ग सुरू केले. तरुण सभासद सकाळच्या वेळी बिनपगारी शिकवीत. इमारत नव्हती, म्हणून कोणी आपल्या घराची ओसरी वापरू देईल का हे विचारत त्यांना दारोदार फिरावे लागे. मुलींना अक्षरओळख आणि हिशेब शिकवण्याचा असला भलताच प्रस्ताव घेऊन आल्याबद्दल काही बापांनी आपल्याला जिन्यावरून खाली ढकलून देण्याची धमकी दिली होती, अशी आठवण दादाभाई नौरोजींनी उतारवयात लिहून ठेवली आहे. आरंभी ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली येत. जगन्नाथ शंकरशेट यांनी गिरगावातील आपल्या वाड्यात जागा दिली आणि मराठी मुलींच्या शाळेचे बस्तान बसले. धमक्या देणारे आणि ओसरी देणारे एकाच शहरात, बहुधा एकाच गल्लीत राहत असावेत.

आता ‘पहिली’ या शब्दाचे काय? जोतीराव फुल्यांची पुण्यातील शाळा १८४८ ची, आणि मिशनऱ्यांनी मुंबईत मुलींना शिकवायला सुरुवात केली ती त्याच्याही बरीच आधी. म्हणून मुंबईत येथल्या लोकांनी मिशनच्या आधारावाचून उभा केलेला आरंभीचा मोठा प्रयत्न, एवढेच श्रेय सोसायटीला द्यावे; तेही थोडे नाही. शिवाय त्यात विद्यार्थ्यांबरोबर नुकतेच शिकून बाहेर पडलेले आणि तेथेच शिकवणारे तरुणही होते. खुद्द दादाभाई त्या वेळी विद्यार्थी नव्हते, अध्यापकवर्गात होते.

प्रश्न : या सभेत धर्म आणि राजकारण यांवर मोकळेपणाने बोलता येई का? निबंधामुळे न्यायमूर्ती रानडे यांची शिष्यवृत्ती बंद झाली होती, असे सांगतात. (एक वाचक, सांगली)

उत्तर : हे दोन्ही विषय सभेत वर्ज्य मानलेले होते, आणि सरकारी छायेतील संस्थेत ते स्वाभाविकही होते. पण विषय वर्ज्य केल्याने डोक्यातून जात नाहीत. १८४९ मध्येच मुंबईत दादोबा पांडुरंग आदींनी परमहंस सभा काढली. जातिभेद मोडू पाहणारे शिकलेले तरुण तिचे सभासद होते, पण तिचे सगळे कामकाज गुप्तपणे चाले. नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. हे करण्याची हिंमत त्यांच्यात होती, चारचौघांत सांगण्याची नव्हती. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली आणि नावे फुटण्याच्या भीतीने सभाच मोडली. त्यांना भित्रे म्हणण्याआधी वाळीत पडणे म्हणजे त्या काळी काय होते, हे ध्यानात घ्यावे.

रानड्यांची हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी दिली आहे. १८६२ च्या पहिल्या चार बी. ए. पदवीधरांपैकी ते एक होते. विद्यार्थिदशेत एका निबंधात त्यांनी मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून इंग्रजी अंमलाला उणे ठरवले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांना बोलावून समज दिली आणि सहा महिने शिष्यवृत्ती रोखली. तरीही रानडे ग्रँट यांच्याविषयी पुढे आदरानेच बोलत, आणि मला ही गोष्ट शिक्षेहून अधिक बोलकी वाटते. त्यांचे वाचन तर इतके होते की विद्यार्थिदशेतच डोळ्यांनी दगा दिला आणि काही काळ दुसऱ्याकडून वाचून घेऊन अभ्यास करावा लागला.

प्रश्न : या शाळांतून शिकलेल्या मुली पुढे महाविद्यालयात गेल्या का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : १८४९ च्या मुलींपुढे तो मार्गच नव्हता. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची, आणि त्याची पहिली स्त्री पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी. त्यांनी पदवी घेतली ती १८८० च्या दशकाच्या अखेरीस, आणि तीही एल्फिन्स्टनमधून नव्हे, तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून.