घरी स्की बांधताना : वाचकांचे प्रश्न

गॅरेजमध्ये लाकूड, फायबरग्लास आणि इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर कालवून घट्ट होणारे चिकटद्रव्य) घेऊन स्की किंवा स्नोबोर्ड बांधणाऱ्या वाचकांचे काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांना लाकूड कोणते आणि कार्बन किती, याची काळजी आहे. आमचे मत वेगळे आहे. घरी बांधलेली स्की सहसा मोडत नाही, तिचे थर सुटतात. म्हणून चिकटवण्याविषयीच्या उत्तरांना जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : टोकाला १२८, कमरेत ९८ आणि शेपटीला ११८ मिमी रुंदीची स्की आखली आहे. ती किती त्रिज्येचे वळण घेईल? (कॅल्गरी)

टोक आणि शेपूट जिथे सर्वांत रुंद आहेत, त्या दोन जागांमधले अंतर मोजा. ते १४० सेंमी धरू. टोकाच्या आणि शेपटीच्या रुंदीची बेरीज २४६. त्यातून कमरेची दुप्पट म्हणजे १९६ वजा केली की ५० उरतात. त्याला ४ ने भागले की कडेच्या कमानीची खोली १२.५ मिमी मिळते. आता त्या १४० सेंमी अंतराचा वर्ग भागिले खोलीची आठपट. सगळे मीटरमध्ये घेतले तर १.९६ भागिले ०.१, म्हणजे १९.६ मीटर. कंबर ४ मिमीने बारीक करून ९४ केली, तर हीच त्रिज्या १७ मीटरच्या आसपास येते. बर्फावर स्की कलती झाली आणि वाकली की प्रत्यक्ष वळण याहून आवळ असते, पण दोन आराखड्यांची तुलना करायला हा आकडा पुरेसा आहे.

टेम्पलेट ६ मिमी एमडीएफचे करा आणि स्कीच्या एकाच बाजूचे करा. मध्यरेषेवर ठेवून एक बाजू राउटरने कापायची, मग तेच उलटून दुसरी. दोन्ही बाजू वेगवेगळ्या आखल्या तर त्या कधीच तंतोतंत सारख्या येत नाहीत. वक्र काढायला लवचीक लाकडी पट्टी तीन खिळ्यांवर टेकवा. कापून झाल्यावर डोळे मिटून कडेवरून बोट फिरवा, नजरेतून सुटलेला उंचवटा बोटाला लागतो.

प्रश्न : लाकडी गाभा मध्यभागी १२ मिमी जाड ठेवला. स्की इतकी ताठ झाली की वाकतच नाही. पुढच्या जोडीत किती कमी करू? (म्युनिक)

१ मिमी कमी करा, त्याहून जास्त नको. लाकडाचा ताठरपणा जाडीच्या घनाने बदलतो. वरखालच्या फायबरग्लासचा ताठरपणा त्या दोन थरांमधल्या अंतराच्या वर्गाने बदलतो. १२ चे ११ झाले की एकूण ताठरपणा साधारण सहाव्या ते चौथ्या हिश्श्याने उतरेल.

अंदाजावर राहू नका. तुम्हाला आवडणारी कारखान्यातली स्की दोन टेकूंवर आडवी ठेवा, मध्यावर १० किलो वजन ठेवा आणि ती किती मिमी खाली जाते ते लिहून ठेवा. टेकू त्याच अंतरावर ठेवून स्वतःची स्कीही तशीच मोजा. नंतर अर्धी स्की क्लॅम्पने घट्ट धरून टोकाकडचा भाग वेगळा मोजा, कारण मधला ताठरपणा जुळला तरी टोके फार मऊ किंवा फार कडक असू शकतात.

बाइंडिंगखाली, म्हणजे बूट अडकतो त्या साधनाखाली, साधारण ४५ सेंमी लांबीत जाडी एकसारखी ठेवून तिथून दोन्ही टोकांकडे २ मिमीपर्यंत उतरत न्या. हा उतार सलग हवा. राउटर ज्या कललेल्या पट्ट्यांवरून सरकतो त्यांना कुठे कोन पडला असेल, तर स्की नेमकी त्याच जागी वाकते आणि वरच्या थरावर आडवी सुरकुती उठते.

प्रश्न : एका हंगामातच पोलादी कड जवळजवळ वीतभर उचकली. इपॉक्सी चांगले होते, प्रमाणही वजन करून घेतले होते. काय चुकले असेल? (ओस्लो)

दोष बहुधा इपॉक्सीत नाही, त्याच्या खालच्या पृष्ठभागात आहे. स्कीचा तळ आणि बाजूच्या पट्ट्या ज्या अतिउच्च रेण्वीय वजनाच्या पॉलिथिनच्या असतात, त्याला मुळात काहीच चिकटत नाही. बर्फावर ते छान घसरते तेही याच गुणामुळे. म्हणून चिकटवायची बाजू आधी तयार करावी लागते. तळाचा पत्रा एका बाजूने प्रक्रिया करूनच विकला जातो. ती बाजू किंचित खरखरीत आणि मंद असते, पत्रा उलटा ठेवला गेला तर सगळी मेहनत पाण्यात जाते. बाजूच्या पट्ट्यांवर मात्र ही प्रक्रिया स्वतःच करायची. ८० नंबरच्या सँडपेपरने घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि प्रोपेन टॉर्चची निळी ज्योत न थांबता भरभर फिरवा. प्लास्टिक वितळता कामा नये. मग टोकाशी, जिथला भाग नंतर कापून टाकायचा आहे, तिथे पाण्याचा थेंब सोडा. तो गोळा होऊन बसला तर पुन्हा ज्योत फिरवा. पसरून पातळ पापुद्रा झाला तर काम झाले. त्यानंतर त्या जागेला बोट लावू नका आणि त्याच दिवशी चिकटवा. एबीएसच्या पट्ट्यांना ज्योत लागत नाही, घासून पुसले की पुरते. पण कडाक्याच्या थंडीत दगडावर आपटल्या तर त्या तडकतात.

आता कड. विकत मिळणाऱ्या कडेवर संरक्षक तेलाचा थर असतो. तिचे दाते, म्हणजे थरांच्या आत जाणारा भाग, ॲसिटोनने पुसत राहा, फडक्यावर काळे येणे थांबेपर्यंत. तळाचा पत्रा कडेच्या दिसणाऱ्या भागाइतका, म्हणजे दोन्ही बाजूंनी साधारण २ मिमी, आत कापलेला असतो. कड त्याला टेकवून दर ४–५ सेंमीवर सुपरग्लूचा थेंब लावा. कडेवर आणि तळावर सांडलेला थेंब तासून काढा. सुपरग्लू तिथे जागेवर धरण्यापुरता आहे, त्याच्यावर इपॉक्सी बसले की तो सांधा कच्चाच राहतो.

तिसरी गोष्ट, आणि तुमच्या स्कीत बहुधा हीच राहिली असावी : दात्यांवर पातळ रबराची पट्टी घातली होती का? पोलाद, फायबरग्लास आणि तळाचे प्लास्टिक थंडीत सारखे आखडत नाहीत, प्लास्टिक पोलादाच्या कितीतरी पट आखडते. प्रत्येक वळणात स्की वाकते तेव्हाही हे थर एकमेकांवरून सरकू पाहतात. मधली ०.२ ते ०.३ मिमीची रबरी पट्टी तो ताण स्वतः सोसते. ती नसेल तर कडक इपॉक्सीला दात्यांच्या टोकापासून बारीक चीर पडते, चिरेत पाणी शिरते, रात्री गोठते आणि चीर रुंदावते. पट्टी दात्यांहून थोडी रुंद कापा, तिच्या दोन्ही बाजूंना इपॉक्सी लागू द्या.

उचकलेली कड दुरुस्त करता येते. फटीत पातळ पाचर सारून स्की उबदार खोलीत चार-पाच दिवस सुकू द्या. ओल्या फटीत भरलेले इपॉक्सी पुढच्या हंगामात पुन्हा सुटते. मग सुईने हळूहळू इपॉक्सी सोडा, पाचर काढा, वर मेणकागद आणि लाकडी ठोकळा ठेवून क्लॅम्प लावा आणि पूर्ण दिवस हात लावू नका.

प्रश्न : जानेवारीत गुलमर्गला जायचे आहे, म्हणून जुलैत काम सुरू केले. ओळखीच्या एफआरपी वर्कशॉपवाल्याने पॉलिस्टर रेझिन आणि मॅट वापरायला सांगितले. चालेल का? (पुणे)

नाही. पाण्याच्या टाक्यांना आणि गाड्यांच्या बॉडीला ते ठीक आहे, पण पॉलिस्टर घट्ट होताना इपॉक्सीपेक्षा बरेच जास्त आखडते आणि लाकडाला कमी धरते. मॅटमधले धागे तुटक आणि कसेही पडलेले असतात, त्यामुळे वजन वाढते आणि बळ येत नाही. चौरस मीटरला ६५० ते ७५० ग्रॅमचे त्रिअक्षीय कापड मागा, म्हणजे लांबीला एक थर आणि ४५ अंशांवर दोन. तिरपे थर स्कीला पिळवटू देत नाहीत. एका जोडीला, वर आणि खाली मिळून, साधारण एक चौरस मीटर कापड आणि सुमारे एक किलो मिश्र इपॉक्सी लागते.

पॉलिस्टरवर काम केलेल्यांची एक सवय इथे महागात पडते. थंडीत लवकर घट्ट व्हावे म्हणून ते हार्डनर वाढवतात. इपॉक्सीत प्रमाण बदलले की ते लवकर घट्ट होत नाही, कायमचे मऊ राहते. वजनकाट्यावरच मोजा. मंद हार्डनर घ्या, आणि कालवलेले रेझिन खोल डब्यात न ठेवता पसरट ट्रेमध्ये ओता, नाहीतर ते स्वतःच्या उष्णतेनेच तापून हातात घट्ट होईल.

पावसाळ्यात दोन अडचणी येतात. लाकडात ओल राहते आणि पोस्ट-क्युअरच्या (घट्ट झालेले इपॉक्सी पुन्हा तापवून पक्के करण्याच्या) उष्णतेने ती वाफ होऊन बुडबुडे धरते. गाभ्यात ओलावा ८ टक्क्यांच्या वर नको, छोटा मॉइश्चर मीटर घ्या. दुसरी, दमट हवेत घट्ट होणाऱ्या इपॉक्सीवर मेणचट पापुद्रा येतो. त्यावर पुढचा थर चढवण्याआधी कोमट पाणी आणि स्क्रबरने धुवा, सुकवा, मग घासा. आधी घासले तर तोच चिकटपणा आत दाबला जातो. जमत असेल तर ऑक्टोबरपर्यंत गाभा आणि साचा तयार करा आणि थर तेव्हाच रचा.

प्रश्न : कार्बन घालावा का? (सॅन होजे)

पहिल्या जोडीत नको. कार्बनने स्की हलकी आणि ताठ होते, पण कठीण बर्फावर थरथरते, आणि गाभ्याच्या जाडीतली चूक जास्त उठून दिसते. फायबरग्लासची जोडी मनासारखी झाली की दुसरीत ५० मिमी रुंद पट्टी लांबीने घालून पाहा, गाभा तेवढा पातळ करून.

प्रश्न : व्हॅक्यूम बॅग पुरेल की प्रेस बांधू? (डेन्व्हर)

व्हॅक्यूम बॅगेत, म्हणजे थर पिशवीत घालून पंपाने हवा काढली की, दाब वातावरणाइतकाच मिळतो. समुद्रसपाटीला दर चौरस सेंमीवर सुमारे १ किलो, आणि डेन्व्हरच्या उंचीवर साधारण ०.८५. तेवढ्यात चांगली स्की होते, मात्र बॅग गळता कामा नये. रेझिन कालवण्यापूर्वी रिकाम्या साच्यावर बॅग लावून हवा काढा आणि पंप बंद करा. दहा मिनिटांत काटा हलला तर गळती शोधा. थर रचल्यावर गळती सापडली तर उपाय नसतो.

अग्निशमनाचे होज दोन बीमांमध्ये फुगवून केलेली प्रेस ३ ते ४ किलोचा दाब देते. एका स्कीचे क्षेत्रफळ सुमारे २,००० चौरस सेंमी धरा : ३ किलोनेसुद्धा बीमांवर ६ टनांचा जोर येतो. जोडी शेजारी शेजारी दाबली तर १२ टन. बोल्ट, वेल्डिंग आणि बीमांची जाडी त्या हिशेबानेच निवडा, पहिल्यांदा हवा भरताना कोणालाही समोर उभे राहू देऊ नका आणि लाकडाची चौकट तर वापरूच नका.

दोन्ही पद्धतींत किमान २४ तास दाब ठेवा. तापवायचे असेल तर वरून आणि खालून सारखेच तापवा आणि दाबाखालीच थंड होऊ द्या, नाहीतर तळ आडवा खोलगट होतो.

प्रश्न : बाइंडिंगचे स्क्रू उपटून येतात. (मनाली)

पॉलोनिया किंवा पॉप्लर एकट्याने स्क्रू धरत नाही. स्क्रू येतात तिथे गाभ्यात ॲश किंवा मेपलच्या पट्ट्या उभ्या घाला आणि वरच्या बाजूला ४५ सेंमीचा फायबरग्लासचा एक जादा तुकडा द्या. धातूचा थर नसलेल्या प्रौढांच्या स्कीत ३.६ मिमीचे बिट ९ मिमी खोलीपर्यंतच जाऊ द्या, बिटावर कॉलर लावा. स्क्रूला वॉटरप्रूफ वुड ग्लू लावा. त्याने पाणी आत जात नाही, आणि पुढे बाइंडिंग बदलायचे झाले तर स्क्रू निघतोही. स्नोबोर्डला एम६ स्टेनलेस इन्सर्ट गाभ्याच्या खालच्या बाजूने बसवतात. थर रचण्याआधी त्यांची भोके वरून टेपने बंद करा, आत रेझिन गेले तर आटे भरून जातात. पडल्यावर स्कीचे बाइंडिंग किती जोराला बूट सोडेल तो आकडा प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून, यंत्रावर तपासून घ्या. घरी बांधलेल्या स्कीला हात लावायला काही दुकाने नकार देतात, तेव्हा गाभ्याची जाडी आणि स्क्रूखालच्या लाकडाचे नाव कागदावर लिहून सोबत न्या.